कडू सत्य व गोड भ्रम : एक शंकासमाधान

 

कीर्तन संपले, आरती झाली, बुक्का लावून झाला, की मंडपात दोन-चार माणसे मागे रेंगाळतात. कोणास प्रसाद हवा असतो, कोणास पुढच्या सप्ताहाची तिथी विचारायची असते. पण त्यांत एखादा असा असतो की, सगळे गेल्यावाचून तो तोंड उघडीत नाही. आमचा आजवरचा अनुभव असा की, खरी शंका त्या शेवटच्या माणसापाशी असते. कीर्तनात आम्ही ज्या शंका उभ्या करतो त्या आमच्याच असतात. उत्तर आधी ठरलेले, शंका मागाहून काढलेली. त्या माणसाची शंका तशी नसते. तिचे उत्तर त्याला उद्या सकाळी घरी घेऊन जायचे असते.

गेल्या माघात पेणच्या रामवाडीस आम्हांस असा एक गृहस्थ भेटला. वय चाळिशीच्या पुढचे. त्याचे वडील अठ्ठ्याहत्तर वर्षांचे, माळकरी. सदतीस वर्षांची आषाढी वारी. २०२० व २०२१ या दोन साली साथीच्या रोगामुळे पायी वारी झाली नाही, पादुका एस.टी.च्या गाडीने पंढरीस गेल्या, तेवढा खंड सोडला तर त्यांचे पाऊल चुकलेले नाही. पौषात त्यांच्या पोटात दुखू लागले. मुंबईस नेऊन दाखविले. डॉक्टरांनी मुलास बाजूला घेऊन सांगितले की, दुखणे कॅन्सरचे आहे, फार पुढे गेले आहे, आता औषध द्यायचे ते वेदना कमी होण्यापुरते. घरी वडिलांस काय सांगितले? तर पित्त आहे, आतड्याला सूज आहे. म्हातारा रोज विचारतो, "ज्येष्ठापर्यंत चालायला लागेन ना रे?" आणि मुलगा म्हणतो, "लागाल की बाबा, का नाही?"

मुलगा आम्हांस म्हणाला, "बुवा, आता माझ्या बोलण्यावर त्यांचा विश्वास बसेनासा झालाय. उद्या घरी या, आणि एवढंच म्हणा की यंदाची वारी होणार. तुमच्या तोंडचं त्यांना खरं वाटेल."

आम्ही म्हटले, "आजची रात्र विचार करू द्या." त्या रात्री जो विचार झाला तो येथे क्रमाने मांडीत आहो. प्रश्न एका घरचा असला तरी घरोघरी तो कधी ना कधी येतोच.

पूर्वपक्ष

प्रथम पूर्वपक्ष घेऊ, आणि तो दुबळा करून घ्यायचा नाही. दुबळ्या पूर्वपक्षाला पाडणे म्हणजे पेंढ्याच्या वाघाची शिकार.

पूर्वपक्षी म्हणतो : ज्या दुःखाला उपाय नाही ते कळून काय मिळणार? म्हाताऱ्याचे चार-सहा महिने उरले आहेत. ते पंढरीच्या आशेत गेले तर सुखाने जातील. मरणाच्या धाकात गेले तर एका मरणाची शंभर मरणे होतील. मनुस्मृतीच्या चौथ्या अध्यायातही सांगितले आहे की, सत्य बोलावे, प्रिय बोलावे, पण अप्रिय सत्य बोलू नये. महाभारताच्या कर्णपर्वात भगवंतांनी अर्जुनाला कौशिक ब्राह्मणाची कथा सांगितली आहे. त्याचे व्रत सदा खरे बोलण्याचे. लुटारूंच्या भयाने काही माणसे रानात लपली. लुटारूंनी कौशिकाला विचारले, आणि याने खरे ते सांगून टाकले. माणसे मारली गेली आणि कौशिक नरकाला गेला. तेव्हा खरे बोलले की पुण्य झाले, इतका हिशेब सोपा नाही.

हा पूर्वपक्ष आहे, आणि तो प्रेमातून आलेला आहे हे विसरू नये. मुलगा लबाड नव्हता. त्याच्या डोळ्यांत पाणी होते.

आमचा एक अपराध

याचे उत्तर शास्त्रातून शोधण्याआधी आमची एक गोष्ट सांगितली पाहिजे. ती झाकून पुढे निरूपण करणे बरे नव्हे. पुष्कळ वर्षांपूर्वी आमच्या साथीला एक पखवाजी असत. वीस वर्षे आमच्या मागे उभे राहिले. त्यांना असेच मोठे दुखणे झाले आणि त्यांच्या घरच्यांनी आम्हांस असेच विनविले. आम्ही गेलो आणि हसत म्हणालो, "माघीला तुमच्याशिवाय कीर्तन होणार नाही, तयार राहा." त्यांचा चेहरा उजळला. आम्हांस वाटले, पुण्य जोडले.

ते मार्गशीर्षात गेले. मागाहून कळले की, माघीसाठी त्यांनी पखवाजाला नवी पुडी चढवून घेतली होती. त्यांचा एक शिष्य होता. त्याला घराण्यातले काही जुने बोल द्यायचे होते. तो रोज येऊन बसे, तर ते म्हणत, "आधी बरा होतो, माघीहून आलो की बसू निवांत." ते बोल त्यांच्याबरोबर गेले. तो शिष्य आजही वाजवतो, चांगला वाजवतो. पण एका जागी येऊन थांबतो आणि आमच्याकडे पाहतो. तो काही बोलत नाही. आम्ही मात्र मान खाली घालतो.

पूर्वपक्षी म्हणाला होता की, कळून काय मिळणार? आम्ही त्याला इतकेच विचारतो की, न कळल्याने काय गेले ते मोजलेस का? आमच्या त्या गोड बोलण्याने त्यांचे दुःख चोरले असेल, पण दुःखाबरोबर त्यांचे दोन महिनेही चोरले.

भ्रम किती प्रकारचे?

आता शास्त्राकडे वळू. वेदान्तात भ्रमाचे दोन दृष्टान्त नेहमी येतात. एक दोरीवर सापाचा, दुसरा शिंपीवर रुप्याचा. दोन्ही भ्रमच, पण श्रोतेहो, त्यांतला भेद ध्यानात घ्या. दोरीवर साप दिसला की माणूस घामाघूम होतो. दिवा आणला, साप नाही असे कळले, की त्याला हायसे वाटते. येथे भ्रम कडू, सत्य गोड. म्हणून दोरीचा साप घालवायला कोणी नको म्हणत नाही. शिंपीचे उलट आहे. वाळूत चकाकताना दिसली, माणूस हरखला, मनातल्या मनात त्या रुप्याचे दागिने घडवून मोकळा झाला. हातात घेतली, तर शिंप! येथे भ्रम गोड, सत्य कडू. खरी परीक्षा येथे. सापाचा भ्रम गेल्यावर गुरूला नमस्कार करणारे पुष्कळ; रुप्याचा भ्रम घालविणाऱ्याला शिव्या मिळतात.

पेणकरांना हा दृष्टान्त वेगळा समजावून द्यायला नको. पेण अर्बन बँकेच्या व्यवहारांवर २०१० च्या सप्टेंबरात रिझर्व्ह बँकेने निर्बंध घातले, आणि बोगस कर्जखात्यांचा घोटाळा बाहेर आला. लाखाहून अधिक ठेवीदार अडकले. कोणाचे मुलीच्या लग्नाचे पैसे, कोणाच्या निवृत्तीचे. त्या दिवसापर्यंत पासबुकावरचा आकडा सर्वांना सुख देतच होता. तो आकडा आणखी काही वर्षे तसाच दिसत राहता तर सुखही आणखी काही वर्षे मिळते. म्हणून ते बरे झाले असते काय? नाही. भ्रमाच्या सुखाची किंमत चुकत नाही, ती फक्त पुढे ढकलली जाते, आणि व्याजासह येते.

येथे कोणी चतुर श्रोता म्हणेल, "बुवा, पण सगळाच भ्रम वाईट का? आपण विटेवरच्या मूर्तीला देव म्हणतो, ते काय?" प्रश्न चांगला आहे, आणि विद्यारण्यस्वामींनी पंचदशीच्या ध्यानदीप नावाच्या नवव्या प्रकरणात त्याचा विचार केला आहे. एका घरातून दिव्याची प्रभा दारापर्यंत आली आहे, दुसऱ्या घरातून रत्नाची. दोन माणसे लांबून पाहतात, दोघेही त्या प्रभेलाच रत्न समजून धावतात. चुकले दोघेही, कारण प्रभा म्हणजे रत्न नव्हे. परंतु पहिल्याच्या हाती काही लागत नाही; दुसरा रत्नापाशी पोहोचतो. पहिल्याचा तो विसंवादी भ्रम, दुसऱ्याचा संवादी भ्रम. उपासना ही संवादी भ्रमासारखी आहे, असे स्वामींचे म्हणणे.

पण संवादी भ्रमाचे लक्षण नीट पाहा. तो माणसाला जागचा उठवतो, धावायला लावतो, आणि खरे रत्न दिसताच आपण होऊन सुटतो. पेणचा शाडूचा गणपती घ्या. कारखान्यात माती होती, चतुर्थीला प्राणप्रतिष्ठेने तो देव झाला, उत्तरपूजा झाली की पाण्यात पुन्हा माती. अध्यारोप आणि अपवाद हे वेदान्तातले दोन जड शब्द आमच्या आयाबाया दरवर्षी हसतखेळत आचरून दाखवतात. ती माती कोणाला फसवीत नाही, कारण तिचे विसर्जन पहिल्या दिवसापासून ठरलेले आहे. उलट प्लॅस्टरची मूर्ती पाण्यात सहजी विरघळत नाही, भरतीबरोबर तिचे हातपाय किनाऱ्याला लागतात, आणि पाहणाराला वाईट वाटते. भ्रमाचेही तसेच आहे. विरघळणारा असेल तर पूजेला घ्यावा. न विरघळणारा असेल तर आधीच ओळखावा.

आता त्या घरचा 'पित्ताचा' भ्रम कोणता? तो म्हाताऱ्याला उठवीत नव्हता. "पुढे पाहू" म्हणून निजवीत होता. म्हणून तो संवादी नव्हे.

नामदेवरायांचे मडके

आमच्या संप्रदायात या प्रश्नावरचे सर्वांत मोठे प्रकरण तेरढोकीस घडले, असे परंपरा सांगते. महिपतीबुवांनी भक्तविजयात, शके १६८४ मध्ये, संतांची चरित्रे गोवून ठेवली, त्यांमुळे ही कथा घरोघरी माहीत आहे. म्हणून थोडक्यात सांगतो.

गोरोबाकाकांच्या घरी संतमंडळी जमली. मुक्ताईने कोपऱ्यातले थापटणे पाहून विचारले, हे काय? काका म्हणाले, याने मडके कच्चे की पक्के ते कळते. मुक्ताई म्हणाली, आम्हीही मडकीच, आमची परीक्षा करा. काकांनी एकेकाच्या डोक्यावर थापटणे मारले. सगळे गप्प बसले. नामदेवरायांना मात्र राग आला. काकांनी निकाल दिला, एवढे मडके कच्चे.

विचार करा, हे कोणाला म्हटले? ज्याच्या हातचा नैवेद्य देव जेवला, ज्याच्याशी देव बोलतो, त्याला. "देव माझा, मी देवाचा" या गोडीत ज्याचे बालपण गेले त्याला, भर सभेत. लाडक्या लेकराने दुसरे काय करावे? ते पंढरीस धावले आणि विठोबाला म्हणाले, हे लोक मला कच्चा म्हणतात, तू सांग!

या कथेचे मर्म आम्हांस थापटण्यात दिसत नाही, येथे दिसते. देव नामदेवांचा मित्र. एक शब्द बोलला असता, "नाम्या, त्यांचे मनावर घेऊ नको", तर नामदेवांचे रडे थांबले असते. देवाला काय अशक्य होते? पण विठोबा तो शब्द बोलला नाही. म्हणाला, ते म्हणतात ते खरे आहे, तू विसोबा खेचराकडे जा. आईने लेकराला जवळ घेतले, पण खोटे सांगितले नाही.

पुढे औंढ्या नागनाथाच्या देवळात विसोबा पिंडीवर पाय ठेवून निजलेले दिसले. नामदेवांनी पाय काढायला सांगितले, तर विसोबा म्हणाले, जेथे पिंडी नाही तेथे तूच ठेव. जेथे पाय ठेवावे तेथे पिंडी. पंढरीत एका विटेवर दिसणारा देव सगळीकडे दिसू लागला. गोड भ्रम गेला, आणि त्याच्या जागी पोकळी आली नाही, अधिक मोठे काही आले. ज्ञानोबारायांनी शके १२१८ मध्ये आळंदीस समाधी घेतली, त्यानंतर अर्धशतकाहून अधिक काळ नामदेवराय जगले, पंजाबापर्यंत नाम घेऊन गेले. शिखांच्या गुरुग्रंथसाहिबात त्यांची ६१ पदे आहेत, घुमानला त्यांचे स्थान आहे. कच्चे मडके एवढा प्रवास करू शकले असते काय?

परंतु या कथेचा आधार घेऊन कोणी हाती थापटणे घेऊन गावभर फिरू नये. तिच्यात चार अटी आहेत. पहिली, मारणारा स्वतः भाजून निघालेला होता; गोरोबाकाकांनी स्वतःच्या संसारात जे सोसले ते कोणाला ठाऊक नाही? दुसरी, मारणारे परके नव्हते, नामदेवांवर जीव टाकणारे होते. तिसरी, कच्चे म्हणून त्यांना फेकले नाही. भट्टी कोठे आहे तो पत्ता मिळाला. चौथी, रडायला पंढरी होती. खरे सांगणाऱ्याने एवढे तपासावे : रडून घ्यायला याच्याजवळ जागा आहे का? नसेल तर ती जागा आपण व्हावे, आणि तसे होता येत नसेल तर थापटण्याला हात लावू नये.

सिद्धान्त

आता पूर्वपक्षाला उत्तर देऊ. कौशिकाने सत्य सांगितले ते कोणाला? लुटारूला. ज्याचा त्या सत्यावर काही हक्क नव्हता त्याला. आपले आयुष्य किती उरले, या सत्यावर पहिला हक्क कोणाचा? ज्याचे आयुष्य त्याचा. मुलाचा नव्हे, बुवाचा तर नव्हेच. म्हणून कौशिकाची कथा येथे लागू नाही.

मनुवचनाविषयी म्हणाल, तर ते तेथेच संपत नाही. प्रिय असले तरी असत्य बोलू नये, असेही तेथे लगेच म्हटले आहे. म्हणजे अप्रिय सत्य गिळायला परवानगी आहे, गोड खोटे ओकायला नाही. मौन आणि असत्य यांत अंतर आहे. न विचारणाऱ्याच्या अंगावर सत्य फेकणे हा एक दोष. विचारणाऱ्याला खोटे सांगणे हा दुसरा. या दोहोंमधून वाट काढायची. गीतेच्या सतराव्या अध्यायात वाणीचे तप सांगताना उद्वेग न करणारे, सत्य, प्रिय आणि हितकर असे बोलणे सांगितले आहे. त्याला तप म्हटले आहे, हे विसरू नका. चारही गोष्टी एका वाक्यात बसवायच्या तर जिभेला घाम फुटतो. खोटे बोलायला घाम फुटत नाही. नुसते खरे तोंडावर मारायलाही फुटत नाही.

तात्पर्य : गोड भ्रमापेक्षा कडू सत्य बरे, पण ज्याचे सत्य त्याला, त्याने विचारल्यावर, त्याला पेलेल इतक्या घासाने, आणि देऊन झाल्यावर पाठ न फिरवता.

पुढे काय झाले

सकाळी आम्ही मुलाला म्हणालो, "आम्ही खोटे बोलणार नाही. बाबांनी विचारले नाही तर आपण होऊन काढणार नाही. विचारले तर लपविणार नाही, आणि तुम्ही शेजारी बसले पाहिजे." तो बराच वेळ उभा राहिला. मग म्हणाला, "या."

म्हाताऱ्याने पाय धुवायला पाणी देवविले, चहा झाला. मग थेट आमच्याकडे पाहून विचारले, "बुवा, यंदा आषाढी दिसंल का मला?" आम्ही म्हणालो, "बाबा, पांडुरंगाच्या मनातले आम्हांस ठाऊक नाही. डॉक्टर म्हणतात, कठीण आहे." मुलाने वडिलांचा हात धरला होता. म्हाताऱ्याने तो सोडवून घेतला आणि भिंतीकडे तोंड फिरवले. आम्ही दुपारपर्यंत बसून राहिलो, पण ते आमच्याशी बोलले नाहीत.

दोन दिवस ते कोणाशीच बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी त्यांनी धाकट्या भावाला बोलावणे पाठवले. बांधाच्या वादावरून नऊ वर्षे दोघे एकमेकांच्या दारात गेले नव्हते. भाऊ आला. काय बोलणे झाले ते आम्हांस माहीत नाही. मग मुलाला जवळ बसवून वारीचे सगळे सांगितले : दिंडी कोणती, मुक्कामाला कोणाकडे उतरायचे, कोणाचे काय देणे राहिले आहे. मुलगा माळकरी नव्हता. त्याने माळ मागून घेतली. आपल्या संप्रदायात वारी घराण्यात चालते, ती एकाच्या पायांवरून दुसऱ्याच्या पायांवर उतरते. पण उतरणाऱ्याला ठाऊक असावे लागते की आता उतरवायची वेळ आली.

बाबा वैशाखात गेले. ज्येष्ठात मुलगा आळंदीला गेला आणि माउलींच्या पालखीबरोबर पंढरीपर्यंत चालला.

एवढ्यावर लेख संपविला असता तर वाचकांना समाधान वाटले असते, पण मग आम्हीच एक गोड भ्रम विकल्यासारखे झाले असते. आषाढीनंतर आम्ही रामवाडीस त्या घरी गेलो, तेव्हा म्हातारी आई बाहेर आली आणि म्हणाली, "बुवा, सगळं बरं झालं म्हणतात, असंल. पण त्या दोन रात्री ते झोपले न्हाईत. भिंतीकडं तोंड करून नुसतं माझं नाव घेत व्हते. ते तुम्ही पायलं न्हाई, मी पायलंय."

आम्ही तिला काही उत्तर दिले नाही. उत्तर नव्हतेच. त्या दोन रात्री आमच्या हिशेबात लिहिलेल्या आहेत, आणि आमच्या पखवाजी मित्राचे ते दोन महिनेही. पुन्हा असा प्रसंग आला तर आम्ही काय करू, असे कोणी विचारील, तर खरेच सांगू. मात्र सांगून झाल्यावर दुपारी उठून येणार नाही. त्या दोन रात्रीही तेथेच बसू.

पुंडलिक वरदा हरि विठ्ठल!